डावा खिसा

खिसेरावांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायला कुणी थांबत नसे. रेडिओ केंद्राच्या ट्रान्समीटरवर चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांचा डावा हात कायम पॅंटच्या डाव्या खिशात असे, म्हणून ते खिसेराव. हे नाव कुणी ठेवलं याची कबुली कुणीच देत नव्हतं. त्यांची बायको म्हणायची, "मी नाही हो ठेवलं," आणि तोंडाला पदर लावायची, त्यामुळे संशय तिच्यावरच होता.

सवय नोकरीतली. मोठ्या व्होल्टेजच्या यंत्रापाशी उभं राहताना एक हात खिशात ठेवायचा, हा त्या कामातला पहिला धडा. दोन्ही हात आत घातले आणि एक नको तिथे लागला, तर वीज एका हातातून शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्या हाताने बाहेर पडते. वाटेत हृदय असतं. एकच हात आत असेल तर माणूस ओरडतो, चार शिव्या हासडतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. खिसेरावांनी हा धडा इतका मनावर घेतला की बागेत फिरताना, बॅंकेच्या रांगेत, इतकंच काय, मुलीच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांचा डावा हात दिसत नाही. फोटोग्राफरने तीन वेळा सांगून पाहिलं, शेवटी त्यानेच हात टेकले.

निवृत्तीनंतर घराच्या मागच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं आणि दर रविवारी सकाळी नऊला तिथे मंडळी जमू लागली. सगळे हौशी. काचेचे जुने व्हॉल्व्ह, जे तापून मंद लाल उजळतात आणि ज्यांची जागा अर्ध्या शतकापूर्वी नखाएवढ्या ट्रान्झिस्टरांनी घेतली, ते जमवायचे आणि त्यांचे रेडिओ, अँप्लिफायर बांधायचे. का, असं विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. दातांचे डॉक्टर म्हणायचे, आवाज गोड येतो. ग्रंथपाल बाई म्हणायच्या, काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं तरी. खिसेराव काहीच म्हणायचे नाहीत, कारण खिसेरावांना दुसरं काही येत नव्हतं.

व्हॉल्व्हचं एक आहे, त्यांना भूक मोठी. तीनशे-चारशे व्होल्ट दिल्याशिवाय ते तोंड उघडत नाहीत. त्यामुळे प्रत्येक यंत्राआधी त्याचा पॉवर सप्लाय बांधावा लागतो, आणि या खोलीतलं सगळं शिक्षण पॉवर सप्लायपासून सुरू व्हायचं. अँप्लिफायर बिघडला तर आवाज खराब येतो, सप्लाय बिघडला तर माणूस जातो, असं खिसेराव पहिल्याच रविवारी सांगून टाकत. नवशिक्यांपैकी निम्मे दुसऱ्या रविवारी येत नसत आणि त्याचं त्यांना बरंच वाटे.

भिंतीवर त्यांच्या हस्ताक्षरातला कागद होता. एक, डावा हात खिशात. दोन, बंद केल्यावर आधी मीटर, मग हात. तीन, ज्याचा हात थरथरतो त्याने खुर्चीवर बसावं.

तिसऱ्या नियमातली खुर्ची खिडकीपाशी होती. तो नियम दोन वर्षांपूर्वीचा, आणि तो एकाच माणसासाठी लिहिला गेला होता. घड्याळवाले आप्पा. वय पंच्याहत्तर, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, मंडळींतला सगळ्यांत नाजूक हात. पण त्या हाताला कंप सुटला. एका रविवारी आप्पा चालू सप्लायमध्ये मीटरची टोकं लावत होते आणि टोक घसरून ठिणगी उडाली. झालं काहीच नाही. पण खिसेराव भडकले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आप्पा, तुमचा हात आता तुमच्याच दुकानातल्या लंबकासारखा हलतोय. उठा, त्या खुर्चीवर बसा आणि नुसतं बघा."

सगळे हसले. आप्पाही हसले. पुढचे तीन रविवार ते येऊन खुर्चीवर बसले आणि चौथ्या रविवारी आले नाहीत. खिसेरावांनी कागदावर तिसरा नियम लिहिला आणि आपण योग्य तेच केलं, असं स्वतःला बजावलं. ते खरंही होतं. वीज कुणाचं वय बघत नाही.

चार महिन्यांपूर्वी खिसेरावांच्या डाव्या हाताला कंप सुटला.

पहिल्यांदा लक्षात आलं ते वर्तमानपत्र वाचताना. कागद सळसळत होता, आणि पंखा तर बंद होता. त्यांनी वर्तमानपत्र टेबलावर पसरलं आणि हात खिशात घातला. तिथे तो हलत राहिला, पण दिसत नव्हता. इतक्या वर्षांची सवय अशी कामी आली. डावा हात खिशात बघून कुणाला काय वाटणार? खिसेराव खिसेरावांसारखेच तर दिसत होते.

मग त्यांनी युक्तिवाद केला. तो त्यांनी स्वतःशीच केल्यामुळे जिंकलेही. नियम काय म्हणतो? ज्याचा हात थरथरतो त्याने बसावं. पण कुठला हात? चालू यंत्रात जाणारा. आणि चालू यंत्रात आपला उजवा जातो, जो दगडासारखा स्थिर आहे. डावा तर मुळातच खिशात. म्हणजे नियम मोडलेला नाही. हा युक्तिवाद ते रोज सकाळी दाढी करताना एकदा तपासून घेत, आणि रोज तो बरोबर निघे. खरं सांगायचं तर त्यांना खुर्चीची भीती वाटत होती. टेबल गेलं की रविवार गेला, आणि रविवार गेला की आठवड्यात उरतं काय?

भानगड फक्त सोल्डरिंगची, म्हणजे धातू वितळवून तारा जोडण्याची होती. ते काम यंत्र बंद असताना होतं, पण त्याला दोन हात लागतात. एका हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्यात सोल्डरची तार किंवा जोडायचा सुटा भाग. खिसेरावांनी छोटा शिकंजा आणला, चिमटे लावलेलं स्टॅंड आणलं, सुटे भाग आधी वाकवून अडकवून ठेवायला लागले. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही तर आता एका हातानेच सगळं करता." खिसेराव म्हणाले, "तुम्हीही शिका." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. त्या सगळंच वहीत लिहून घ्यायच्या.

त्या महिन्यात डॉक्टरांचा सप्लाय चालला होता. अँप्लिफायर अजून खोक्यात होता, आधी एकटा सप्लाय उभा करायचा होता. लोखंडी पत्र्याच्या पेटीवर ट्रान्सफॉर्मर, शेजारी वीज एकाच दिशेने वाहू देणारा व्हॉल्व्ह, मग दोन मोठे कंडेन्सर. या कंडेन्सरची एक खोड असते. त्यांच्यात वीज साठते आणि प्लग काढला तरी साठलेलीच राहते, कधी तास, कधी दिवस. म्हणून त्यांच्या दोन टोकांमध्ये एक रेझिस्टर लावतात, ज्यातून ती हळूहळू झिरपून जावी. त्याला ब्लीडर म्हणतात. दिसायला शेंगदाण्याएवढा, कामाला मोठा. यंत्र चालू असताना त्याचा काही उपयोग दिसत नाही. बंद केल्यावर तो जीव वाचवतो.

या खोलीत ब्लीडर नेहमी खिसेराव स्वतः लावत. त्यांचा जोड आरशासारखा चमके. त्यातूनच एक रीत पडून गेली होती, जी भिंतीवरच्या कागदावर नव्हती. ब्लीडर काकांनी लावलेला असेल तर मीटर लावायची गरज नाही, तीस आकडे मोजायचे आणि हात घालायचा. दुसरा नियम खिसेरावांच्याच जोडामुळे झिजला होता आणि ते त्यांना कळत होतं. आवडतही होतं. माणसाला एवढा मान पुष्कळ झाला.

तर त्या शुक्रवारी खोलीत एकटे असताना खिसेरावांनी डॉक्टरांच्या सप्लायला ब्लीडर लावायला घेतला. जागा अडचणीची होती, दोन कंडेन्सरच्या मध्ये. शिकंजा पोचेना, चिमटा बसेना. शेवटी त्यांनी दार लोटून घेतलं, डावा हात खिशातून काढला आणि रेझिस्टर बोटांत धरला. आयर्न टेकवलं, सोल्डर वितळून पसरलं, आयर्न उचललं. आता दोन-तीन सेकंद काहीही हलता कामा नये. वितळलेलं सोल्डर थिजत असताना तार हलली तर जोड वरून लागलेला दिसतो आणि आतून सुटा राहतो. याला ड्राय सोल्डर म्हणतात. शिकाऊ माणूस पहिल्या आठवड्यात असे वीस जोड करतो.

हात हलला. किती हलला ते त्यांना कळलं नाही. चष्मा कपाळावर होता. जोड ओढून बघितला तर पक्का वाटला. भिंगातून बघायचं त्यांच्या मनात आलं, पण भिंगात काय दिसेल तेही मनात आलं. त्यांनी हात खिशात घातला आणि चहाला गेले.

रविवारी डॉक्टर नऊच्या आधीच हजर. मंडळी तिघंच होती, खिसेराव, डॉक्टर आणि बाई. सप्लाय चालू केला. व्हॉल्व्हच्या पोटात लाल रेघ उजळली, ट्रान्सफॉर्मर हलकासा गुणगुणला आणि मीटरचा काटा चढत चढत तीनशे नव्वदवर थांबला. डॉक्टरांनी टाळी वाजवली. बाईंनी आकडा वहीत लिहिला. मग मीटर सोडवून सप्लाय बंद केला, प्लग काढला, कारण एक तार ट्रान्सफॉर्मरला घासत होती ती डॉक्टरांना बाजूला करायची होती.

बाई म्हणाल्या, "मीटर लावू का परत?"

डॉक्टर म्हणाले, "ब्लीडर कुणी लावलाय?"

"मी," खिसेराव म्हणाले.

"मग झालं तर. मोजा तीस."

बाईंनी मोठ्याने तीस मोजले. तेवढ्या वेळात खिसेरावांना बोलता आलं असतं. 'लावा मीटर' एवढे दोनच शब्द होते. ते म्हणाले नाहीत, कारण का लावा, हे कुणीतरी विचारलं असतं. शिकवल्याप्रमाणे डॉक्टरांनी डावा हात खिशात घातला आणि उजवा पेटीत.

फटाक्यासारखा आवाज झाला. डॉक्टरांचा हात मागे उडाला, पत्र्याच्या कडेला आपटला आणि ते दोन पावलं मागे जाऊन कपाटावर धडकले. कपाटावरचा व्हॉल्व्हचा डबा खाली पडला. मग डॉक्टर म्हणाले, "आईगं," आणि हात झटकू लागले. अंगठ्याच्या टोकाला पांढरा डाग पडला होता आणि बोटांची सालं निघून रक्त आलं होतं. जीव शाबूत होता. दुसरा हात खिशात नसता तर काय झालं असतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

बाईंनी पाणी आणलं, पट्टी आणली. डॉक्टर खुर्चीवर बसायला तयार नव्हते. त्यांनी कंडेन्सर रिकामा करायला लावला, मीटरने शून्य बघितलं आणि डाव्या हातात भिंग घेऊन पेटीत वाकले.

"हा बघा," ते म्हणाले. "राखाडी पडलाय. दाणेदार. आत भेग दिसतेय. ड्राय सोल्डर." मग सरळ होऊन कसनुसं हसले. "म्हणजे माझाच. मागच्या रविवारी याच टोकावर शेजारची तार मी लावली होती, तेव्हा तुमचा जोड हलवला असणार मी. काका, तुमचा जोड असा नसतो. कागदावर चौथा नियम लिहा, दातवाल्याने ब्लीडरच्या आसपास फिरकू नये."

मागच्या रविवारी तो ब्लीडर तिथे नव्हताच, डॉक्टरांनी तेव्हा नीट बघितलं नसणार. तो शुक्रवारी लागला होता, आणि हे फक्त खिसेरावांनाच माहीत होतं. आता काहीच करायची गरज नव्हती. गप्प राहिलं की झालं. डॉक्टर चूक पदरात घेऊन घरी जातील, अंगठा बरा होईल, टेबल राहील, रविवार राहील. बाई वहीत लिहायला लागल्यासुद्धा होत्या. त्या काय लिहिताहेत ते खिसेरावांना उलटं दिसत होतं. 'डॉक्टरांचा जोड सदोष.'

"खोडा ते," खिसेराव म्हणाले.

बाईंनी मान वर केली.

खिसेरावांनी डावा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. ग्रंथपाल बाई पाच वर्षं या खोलीत येत होत्या आणि त्यांनी तो हात असा उघड्यावर कधी पाहिला नव्हता. तो टेबलावर हलत राहिला. बोटं लाकडावर बारीक बारीक वाजत होती. शेजारचा सुटा स्क्रूही त्याबरोबर हलायला लागला.

"शुक्रवारी लावला मी. या हाताने धरून. चार महिने झाले याला."

डॉक्टर हाताकडे बघत राहिले. मग आपल्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"मला नुसतं मीटर लावा म्हटलं असतंत तरी चाललं असतं, काका. कारण सांगायची गरज नव्हती. मी याच हाताने लोकांच्या तोंडात सुई घालतो."

"हो," खिसेराव म्हणाले.

"उद्या सकाळी दोन पेशंट आहेत. त्यांना काय सांगू?"

डॉक्टरांनी सामान आवरलं नाही, यंत्र तसंच ठेवलं आणि "येतो" म्हणून निघाले. बाई थोडा वेळ घुटमळल्या, पडलेले व्हॉल्व्ह डब्यात भरले, एक फुटला होता तो कागदात गुंडाळला. जाताना त्यांनी वहीतली ओळ खोडली, पण त्याजागी दुसरी लिहिली नाही.

खोली रिकामी झाल्यावर खिसेराव खिडकीपाशी गेले आणि खुर्चीवर बसले. दोन वर्षांत ते तिच्यावर कधी बसले नव्हते. बसल्यावर समोर बघितलं, तर टेबल दिसत नव्हतं. मधे कपाटाची बाजू येत होती. टेबलापाशी माणसं उभी असती तर त्यांच्या पाठी तेवढ्या दिसल्या असत्या. "नुसतं बघा" असं त्यांनी आप्पांना सांगितलं होतं, आणि आप्पांनी तीन रविवार दीड-दीड तास बसून पाठी बघितल्या होत्या. खुर्ची हातभर उजवीकडे सरकवली असती तर भागलं असतं. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आप्पांनीही सांगितलं नव्हतं.

खिसेरावांना स्वतःची लाज वाटली. इतकी की ते उठून सरळ बायकोला सांगायला गेले.

बायको पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती. मांडीवर त्यांचीच करड्या रंगाची पॅंट होती, उलटी केलेली.

"ऐक," ते म्हणाले. "माझा डावा हात..."

"माहितेय," ती म्हणाली आणि दोरा तोंडाने तोडला.

तिने पॅंट त्यांच्यासमोर धरली. डाव्या खिशाचं आतलं कापड नवीन होतं, जाड, दुहेरी. मग उठून कपाटातून दुसरी आणली, तिसरी आणली. सगळ्यांचे डावे खिसे नवे. उजवे जुनेच.

"आधी मला वाटलं खिशात स्क्रू-बिक्रू ठेवता म्हणून कापड झिजतंय. पण धुवायला टाकताना खिसा नेहमी रिकामा. रिकामा खिसा आतून चाळणी कसा होतो, म्हणून बघायला लागले तुमच्याकडे. टीव्ही बघताना पॅंट हलते तुमची."

"मग बोलली का नाहीस?"

ती पुन्हा मशीनवर बसली. कापड सुईखाली सरळ केलं.

"आप्पांना बोललात ना, त्या दिवशी मी चहा घेऊन दारातच होते. सगळे हसलात ते ऐकलं. तसं मला तुमच्याशी बोलायचं नव्हतं. कसं बोलायचं ते सुचेपर्यंत खिसे शिवत बसले."

मशीन सुरू झालं. खिसेराव तिथेच उभे राहिले. डावा हात खिशात घालावा की बाहेर ठेवावा हे त्यांना कळेना. थोड्या वेळाने त्यांनी चपला घातल्या.

"डॉक्टरकडे का?" तिने मान वर न करता विचारलं. "दातांच्या नव्हे, खऱ्या."

"उद्या. तू पण चल. आत्ता आप्पांकडे जाऊन येतो."

"जा," ती म्हणाली. मशीन थांबलं नाही.

आप्पांचं घर चार गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांत खिसेराव त्या गल्लीने गेले नव्हते, लांबचा रस्ता धरायचे. जिना चढून दारासमोर उभे राहिले. आतून घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती, एकात एक मिसळलेली. त्यांनी उजवा हात वर केला, मग खाली घेतला आणि बेलवर डाव्या हाताचं बोट ठेवलं.

बेल एकदाच वाजून थांबली नाही. तुटक तुटक वाजत राहिली, चार वेळा, सात वेळा, बोट बटणावर टिकेचना.

"अरे कोण आहे?" आतून आप्पांचा आवाज आला. "कळलं की! एकदाच दाबा!"

खिसेरावांनी बोट काढलं नाही. आतली पावलं मधेच थांबली. आप्पा दाराच्या पलीकडे उभे राहून ऐकत होते. आयुष्यभर बिघडलेली टिकटिक ऐकून रोग ओळखलेला माणूस. मग कडी निघाली.

आप्पांनी आधी खिसेरावांच्या तोंडाकडे बघितलं नाही. बेलवरच्या हाताकडे बघितलं, बराच वेळ.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"चार महिने."

आप्पा दारातून बाजूला झाले. "आत या," ते म्हणाले. "चहा अर्धाच कप भरतो. पूर्ण भरला की सांडतो."